न मिळालेला निरोप

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, आमच्या गावाला लागून असलेल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, डिसेंबरातल्या एका दुपारी कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. वीज होती, इंटरनेट होते, काट्यावर ट्रॉली चढली की आकडा बरोबर उमटत होता. पावती मात्र निघत नव्हती. "लाईन तर हाये नं भाऊ, मंग पावती काऊन निंगत नाही?" असे रांगेतल्या कुणीतरी काट्यावरच्या मुलाला विचारले आणि त्याने तोच प्रश्न फोनवरून माझ्यापुढे ठेवला. त्याचे पुरते उत्तर माझ्या हाती लागायला पुढचे दोन महिने गेले.

मी पुण्यात सात वर्षे नोकरी करून २०२० साली गावी परतले आणि तेव्हापासून इथूनच काम करते. दोन जुन्या सहकाऱ्यांबरोबर मी जे सॉफ्टवेअर सांभाळते, त्यावर आसपासच्या नऊ काट्यांच्या पावत्या निघतात. फाटकावर गाडीला टोकन मिळते, भरल्या गाडीचे वजन होते, ग्रेडर कापूस हातात घेऊन ओल आणि धाग्याची लांबी पाहतो, गाडी खाली होते, रिकाम्या गाडीचे वजन होते आणि दोन वजनांतला फरक शेतकऱ्याच्या नावावर चढतो. त्या एका आकड्यावर सोसायटीचे कर्ज, कृषी केंद्राची उधारी आणि घरातले एखादे ठरलेले लग्न उभे असते. तो आकडा हरवता कामा नये आणि दोनदा चढताही कामा नये, एवढीच या सगळ्या खटाटोपाची अट आहे.

या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये राहतात, तो मुंबईत, भाड्याने घेतलेल्या क्लाउड सेवेवर आहे. मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे गेल्या दहाएक वर्षांत आपल्या राज्यात आली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपला विभाग सुरू केला. अशा सेवेत डेटाबेसच्या दोन प्रती ठेवता येतात. एक मुख्य आणि दुसरी राखीव, वेगळ्या इमारतीत, वेगळ्या विजेवर. मुख्य प्रतीवर झालेली नोंद राखीव प्रतीवरही उतरल्याशिवाय पक्की धरली जात नाही. मुख्य सर्व्हर बंद पडला की राखीव सर्व्हर त्याची जागा घेतो आणि ॲप्लिकेशनला डेटाबेसचे जे नाव माहीत असते, ते नाव नव्या सर्व्हरच्या पत्त्याकडे वळवले जाते. याला फेलओव्हर म्हणतात. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेत याला साधारण ६० ते १२० सेकंद लागतात असे त्या कंपनीने स्वतःच लिहून ठेवलेले आहे, आणि इतर सेवांचे आकडेही याच्या फार दूर नाहीत.

आमच्याकडे त्या दुपारी ७१ सेकंद लागले. मुख्य सर्व्हरचे यंत्रच बिघडले होते, राखीव सर्व्हरने कारभार हाती घेतला होता आणि सेवेच्या पॅनेलवर सगळे पुन्हा हिरवे झाले होते. ते हिरवे पाहून मी काट्यावरच्या मुलाला म्हटले, "दोन मिनिटं थांब, चालू झालंच समज." त्यानंतरची पंधरा मिनिटे पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. त्या पंधरा मिनिटांत डेटाबेस ठणठणीत होता आणि आमचे ॲप्लिकेशनही चालू होते. दोघांमधली वाट तेवढी मेलेली होती, आणि ती मेली आहे हे आमच्या ॲप्लिकेशनला कळलेले नव्हते.

असे का होते, ते नीट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण फेलओव्हरविषयी बोलताना सगळे लक्ष डेटाबेसकडे जाते आणि खरी गोम या वाटेत असते. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यातले टीसीपी कनेक्शन, म्हणजे नेटवर्कवरून मजकूर पोहोचवून त्याची पोच घेणारी जोडणी, ही दोन टोकांनी आपापल्या वहीत केलेली एक नोंद असते. मध्ये ताणलेली तार अशी काही नसते. एक टोक रीतसर बंद झाले तर ते दुसऱ्याला निरोप पाठवते आणि दुसरेही आपल्या वहीतली नोंद पुसते. यंत्रच अचानक मेले तर निरोप पाठवायला कुणी उरत नाही. मग आपले टोक पाठवलेल्या मजकुराची पोच येईना म्हणून तोच मजकूर पुन्हा पाठवते, दर वेळी आधीपेक्षा दुप्पट थांबून, पुढे पुढे दोन दोन मिनिटांच्या अंतराने. आमच्या सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्स या कार्यप्रणालीत अशा पुनःप्रयत्नांची ठरलेली मर्यादा १५ आहे आणि त्या पंधरा प्रयत्नांचा हिशेब ९२४ सेकंदांच्या वर जातो, म्हणजे जवळपास साडेपंधरा मिनिटे. त्याहून वाईट दशा त्या कनेक्शनची, ज्याच्या मजकुराची पोच आली पण उत्तर यायचे राहिले. त्याच्याकडे पुन्हा पाठवण्यासारखे काहीच नसते, म्हणून ते फक्त वाट पाहते. समोरचा जिवंत आहे का हे विचारणारी कीपअलाइव्हची सोय चालू केलेली असली तरी लिनक्सवर तिचा पहिला प्रश्न मूळ मांडणीत ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जातो. चालू केलेली नसली तर वाट पाहण्याला अंतच नाही.

आमच्या कनेक्शनच्या पूलमध्ये, म्हणजे आधीच जोडून ठेवलेल्या आणि लागेल तशा वापरायच्या कनेक्शनच्या साठ्यात, दहा कनेक्शन होती आणि दहाही या अवस्थेत होती. पूलमधून कनेक्शन देण्यापूर्वी ते जिवंत आहे का हे तपासण्याची सोय होती; दर व्यवहारामागे मिलिसेकंदभर वाचावा म्हणून ती मीच कधीकाळी बंद केली होती. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि ॲप्लिकेशन जावा या भाषेत; त्यांना जोडणाऱ्या ड्रायव्हरमध्ये सॉकेटवर, म्हणजे कनेक्शनच्या आपल्या टोकावर, उत्तराची वाट किती वेळ पाहायची याची मूळ मर्यादा शून्य असते, आणि तिथे शून्याचा अर्थ अमर्याद असा आहे. त्या शून्याला मी कधी हात लावला नव्हता. दहा गाड्यांच्या दहा नोंदी दहा मेलेल्या वाटांवर गेल्या आणि अकरावी नोंद पूलच्या दाराशी उभी राहिली. शेवटी विसाव्या मिनिटाला मी ॲप्लिकेशन बंद करून पुन्हा सुरू केले आणि रांग हलली.

मला सर्वांत जास्त लागले ते हे, की आम्ही या प्रसंगाची चाचणी आधी घेतलेली होती. हंगाम सुरू होण्यापूर्वी पॅनेलवरून फेलओव्हर करण्याची आज्ञा दिली होती आणि ॲप्लिकेशन दीड मिनिटात आपोआप सावरले होते. पण आज्ञा देऊन केलेल्या त्या फेलओव्हरमध्ये जुना सर्व्हर शुद्धीवर होता. जाण्यापूर्वी त्याने दहाही कनेक्शन नीट बंद केली, सर्वांना निरोप दिला, आणि निरोप मिळताच पूलने नवी कनेक्शन जोडली. आमच्या चाचणीने फक्त सांगून जाणाऱ्याला तपासले होते. न सांगता गेलेल्यासाठी घरातले लोक दार किती वेळ उघडे ठेवतात, हे आम्ही तपासलेच नव्हते.

दुरुस्तीचा पहिला भाग त्यामुळे वाट पाहण्याला मर्यादा घालण्याचा होता. पूल बदलला आणि देण्यापूर्वीची तपासणी चालू केली. सॉकेटवरच्या प्रतीक्षेला २० सेकंदांची मर्यादा घातली. लिनक्समधल्या त्या पंधरा प्रयत्नांची मर्यादा आठवर आणली. तिच्या अधिकृत टिपणातच म्हटले आहे की निदान १०० सेकंद तरी धीर धरावा आणि आठ हा आकडा साधारण तेवढा धीर देतो. जावा एकदा शोधलेला पत्ता काही काळ लक्षात ठेवते, साधारणतः ३० सेकंद आणि जुन्या आवृत्त्यांत सिक्युरिटी मॅनेजर ही सुरक्षेची सोय लावलेली असेल तर कायमचा. तो काळ पाच सेकंदांवर आणला, नाहीतर नाव नव्या सर्व्हरकडे वळल्यावरही आपण जुन्याच दारावर थाप मारत राहतो. पोस्टग्रेसच्या मूळ क्लायंट लायब्ररीत २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून अनेक सर्व्हरांची नावे देऊन त्यांतला लिहू देणारा सर्व्हर निवडता येतो, आणि जावा ड्रायव्हरलाही तसे सांगता येते. फेलओव्हरनंतर कालचा मुख्य सर्व्हर आज फक्त वाचू देणारा होऊन उभा असतो अशा रचनांमध्ये ही सोय फार मोलाची ठरते.

वीस सेकंदांच्या मर्यादेने एक नवे दुखणे आणले, तेही सांगायला हवे. महिन्याचा हिशेब काढणारा अहवाल चाळीस सेकंद घेत असे आणि तो आता अर्ध्यातच तुटू लागला. संथ चालणारा आणि मेलेला यांच्यातला फरक बाहेरून दिसत नाही. मर्यादा कितीही विचार करून ठरवली तरी ती शेवटी अंदाजच असते. आम्ही अहवालांसाठी वेगळा, लहान आणि जास्त धीराचा पूल केला. काट्यावरची नोंद मिलिसेकंदांत व्हायची असते, तिच्यासाठी वीस सेकंदही पुष्कळ आहेत.

दुसरा भाग पुन्हा जोडण्याच्या रीतीचा. तो मला संगणकाच्या पुस्तकांपेक्षा आमच्या शेतातल्या डीपीने, म्हणजे विजेच्या रोहित्राने, अधिक चांगला शिकवला आहे. त्या डीपीवर चौदा मोटारी आहेत. थ्री फेजची पाळी रात्रीची असली की झोपमोड नको म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. चौदाही मोटारी एकाच क्षणी उचल घेतात, सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि फ्यूज जातो किंवा डीपीच जळते. मग ती बदलून मिळेपर्यंत हरभरा वाळत राहतो. ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा असे महावितरण वारंवार सांगत असते ते याचसाठी. माझ्या काकांनी शेजाऱ्यांना धरून प्रत्येक स्टार्टरला टायमर बसवून घेतले, कुणाला दोन मिनिटांचे तर कुणाला सात मिनिटांचे, आणि त्या वर्षी आमची डीपी टिकली.

नुकताच उभा राहिलेला डेटाबेस सर्व्हर तसाच असतो. त्याची मेमरी रिकामी असते, पहिली प्रत्येक चौकशी त्याला डिस्कवर जाऊन सोडवावी लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी नऊ काट्यांवरची अडून राहिलेली कामे एकदम त्याच्या अंगावर येतात. आमचे जुने ॲप्लिकेशन जोडणी तुटली की दर सेकंदाला पुन्हा प्रयत्न करत असे, सगळीकडे एकाच तालात. आता पहिल्या प्रयत्नापूर्वी ते थोडे थांबते, पुढचे प्रत्येक अंतर दुप्पट करत नेते आणि प्रत्येक अंतरात थोडा यदृच्छेचा अंश मिसळते, जेणेकरून कुणाचाही ताल कुणाशी जुळू नये. मायक्रोसॉफ्टचा आपल्या अझुर एसक्यूएल या डेटाबेस सेवेसाठीचा सल्ला पहिल्या प्रयत्नापूर्वी पाच सेकंद थांबण्याचा आणि अंतर वाढवत कमाल ६० सेकंदांपर्यंत नेण्याचा आहे. आम्ही जवळपास तेच धरले.

इथवर केले असते तर पावत्या लवकर निघाल्या असत्या. त्या दिवसाचे मोठे चुकणे मात्र यांतल्या कशानेही टळले नसते.

त्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी स्कूटीने जिनिंगवर गेले होते. दिवाणजी दिवसभराच्या पावत्या तारेतून काढून वहीशी ताडत होते. फाटकातून एक वयस्क शेतकरी आत आले. सहा किलोमीटरवरच्या गावी पोहोचून ते पुन्हा परत आले होते. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन कागद काढले, गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केले आणि त्यांतला एक दिवाणजींपुढे सरकवला. त्यांना वाचता येत नव्हते. "एकच ट्रॉली होती माही," ते म्हणाले, "हे दुसरी पावती कोनाची हाये ते पाहा बरं. त्याचे पैसे अडकतीन." मी दोन्ही कागद पाहिले. दोन्हींवर त्यांचेच नाव होते, त्यांच्याच ट्रॅक्टरचा क्रमांक होता आणि तेच १७ क्विंटल ४० किलो होते. पावतीचे क्रमांक तेवढे निराळे होते. दिवाणजी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेत क्षणभर का होईना, जो संशय त्या माणसाच्या वाट्याला आला, तो माझ्या हातून आला होता.

झाले होते ते असे. काट्यावरच्या मुलाने नोंद जतन करण्याचे बटण दाबले, नोंद मुख्य सर्व्हरवर पोहोचली, राखीव सर्व्हरवरही उतरली आणि पक्की झाली. 'झाले' हे उत्तर परत येण्याआधीच मुख्य सर्व्हर मेला. आमच्या बाजूला दिसले ते एवढेच, की उत्तर आले नाही. ॲप्लिकेशन पुन्हा सुरू झाल्यावर मुलाने, अगदी योग्य वाटून, बटण पुन्हा दाबले. छापायच्या राहिलेल्या पावत्या जोडणी येताच छापायच्या, असा नियम आम्हीच करून ठेवलेला असल्याने दोन्ही छापल्या गेल्या.

उत्तर न येण्याच्या पोटात दोन अगदी भिन्न गोष्टी दडलेल्या असतात: काम झालेच नाही, किंवा काम झाले आणि निरोप वाटेत हरवला. घरून गड्याला कृषी केंद्रात खत आणायला पाठवले आणि सांजेपर्यंत तो परतला नाही, तर पोती आपल्या उधारीवर चढली की नाही हे घरी बसून कळत नाही. दुसऱ्याला पाठवावे तर पोती दुप्पट होण्याची भीती, न पाठवावे तर पेरणी खोळंबण्याची. कोणतीही कालमर्यादा आणि कितीही वेगवान फेलओव्हर ही शंका फेडू शकत नाही. गड्याच्या हाती क्रमांक घातलेली चिठ्ठी दिलेली असेल आणि दुकानदार त्या क्रमांकावर एकदाच माल देत असेल, तर मात्र दुसऱ्याला तीच चिठ्ठी देऊन निःशंक पाठवता येते.

आमच्याकडे तशी चिठ्ठी आधीपासून होती आणि आम्ही तिचा उपयोग करत नव्हतो. फाटकावर मिळणारे टोकन! हंगाम, काटा, टोकनचा क्रमांक आणि भरलेले की रिकामे वजन, एवढ्यांची मिळून एक किल्ली आम्ही केली आणि डेटाबेसला सांगितले की या किल्लीची नोंद एकच असेल. पोस्टग्रेसमध्ये जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीपासून अशी नोंद आधीच असल्यास दुसरी न करण्याची सोय आहे. तीच किल्ली पुन्हा आली तर ॲप्लिकेशन आता चूक दाखवत नाही. ते आधीच्या पावतीचाच क्रमांक उत्तरादाखल परत देते. वजन वेगळे आले तर मात्र थांबते आणि दिवाणजींना विचारते, कारण ती माणसाने पाहायची गोष्ट आहे.

हा प्रश्न मोठ्या कंपन्यांनीही आपापल्या रीतीने हाताळला आहे. ओरॅकलने आपल्या डेटाबेसच्या २०१३ च्या १२सी आवृत्तीत ट्रॅन्झॅक्शन गार्ड आणले, ज्यात तुटलेल्या व्यवहाराचे पुढे काय झाले हे खात्रीने विचारता येते. पोस्टग्रेसमध्येही दहाव्या आवृत्तीपासून व्यवहाराचा क्रमांक देऊन तो पक्का झाला की रद्द झाला हे विचारता येते. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यामध्ये उभे राहून कनेक्शन सांभाळणारे प्रॉक्सीही मिळतात, आणि ॲमेझॉनचा तसा प्रॉक्सी २०२० पासून सर्वांना उपलब्ध आहे. फेलओव्हर चालू असताना ते ॲप्लिकेशनची बाजू तुटू देत नाहीत आणि नव्या सर्व्हरपर्यंत नेऊन सोडतात. व्यवहाराच्या मध्यावर तुटलेल्या कनेक्शनचे काम मात्र त्यांनाही वाचवता येत नाही. मी टोकन निवडले, कारण ते काट्यावरच्या मुलाला वाचता येते, दिवाणजींना कागदावर ताडता येते आणि शेतकऱ्याच्या खिशात त्याचा अर्धा तुकडा असतो. जे डेटाबेसला कळते तेच चौघांना दिसावे, हे मला आतल्या क्रमांकांपेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

आता हंगामात दर महिन्याला एकदा, जिनिंगचे काम थांबल्यावर, आम्ही खरी चाचणी घेतो. ॲप्लिकेशनच्या सर्व्हरवरून जुन्या डेटाबेस सर्व्हरच्या पत्त्याकडे जाणारे आणि तिकडून येणारे सगळे पॅकेट, म्हणजे मजकुराचे तुकडे, फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या पहाऱ्यावर, गुपचूप टाकून द्यायचे, नकारही कळवायचा नाही, आणि त्याच क्षणी फेलओव्हरची आज्ञा द्यायची; म्हणजे जुना सर्व्हर निरोप द्यायला गेला तरी तो आमच्यापर्यंत पोहोचत नाही.

गेल्या जानेवारीतल्या अशा एका रात्री मी काट्याच्या खोलीतच लॅपटॉप घेऊन बसले होते. मुलाने जिनिंगचा रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढवला, चाचणीसाठी राखलेले टोकन टाकले आणि जतन करण्याचे बटण दाबले. मी त्याच वेळी वाट तोडली. पडद्यावर 'नोंद पाठवली आहे, उत्तराची वाट पाहत आहे' ही ओळ आली. वीस सेकंदांनी तिच्या जागी 'पुन्हा प्रयत्न करत आहे' आले, आणि मुलाने, आधी ठरल्याप्रमाणे, बटण आणखी दोनदा दाबले. तो मोबाईलवर सेकंद मोजत होता. ८४ व्या सेकंदाला छपाईयंत्र खडखडले आणि एक पावती बाहेर आली. आम्ही दोघेही दुसरीची वाट पाहत यंत्राकडे बघत राहिलो. तीन मिनिटे गेली. मग त्याने ती पावती फाडली, तिच्यावर पेनने 'चाचणी' असे लिहिले आणि तारेत खोचली, आणि ट्रॅक्टर काट्यावरून खाली उतरवायला बाहेर गेला.